टाक्याची हरळी

"फवारा मारायचाच असेल, तर पहिला माझ्या अंगावर मारा. मग गवताकडे बघा," असं वैजयंता गुरव म्हणाली आणि क्लबच्या बैठकीत चहाचे कप जिथल्या तिथे थांबले.

कमिटीतल्या मंडळींना असल्या बोलण्याची सवय नव्हती. कासारपठार गोल्फ क्लबच्या त्या काचेच्या खोलीत सगळे हळू आवाजात बोलायचे, भांडायचे तेही हळू आवाजात. वैजयंताला कुणी बस म्हटलं नव्हतं, म्हणून ती दाराशीच उभी होती. हातात खुरपं होतं. खुरपं बाहेर ठेवा म्हणून शिपायाने दोनदा सांगितलं, तिने दोनदा ऐकलं नाही. बावन्न वर्षांची बाई, अंगाने काटकुळी, आवाज मात्र पठाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. गवताच्या चाचणीचे बारा वाफे आणि त्यावर राबणाऱ्या चौदा बायका यांची ती मुकादम. सगळं पठार तिला वैजूआक्का म्हणायचं.

"आक्का, हा माझा किंवा तुमचा प्रश्न नाही," क्लबचे सेक्रेटरी बर्गे साहेब म्हणाले. "यंत्राचा निकाल आहे. तुमच्या सात नंबरच्या वाफ्याला उणे दोन. कंपनीच्या एच-चाळीसला उणे नऊ. यात बोलण्यासारखं राहिलंय काय?"

"माझ्या भावाला विचारा, राहिलंय का ते."

भाऊ तिथेच बसला होता. धनंजय गुरव, क्लबचा गवततज्ज्ञ, वैजूआक्काचा पाठचा आणि एकुलता एक भाऊ. त्याने समोरच्या कागदावरून डोळे वर केले नाहीत. "आकडे बरोबर आहेत," एवढंच तो म्हणाला.

आता हे प्रकरण काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर एवढ्याशा गवतावरून एवढा तमाशा कशाला, असं कुणाला वाटायचं.

गोष्ट आहे दोन हजार त्रेचाळीस सालची. उत्तर ध्रुवाभोवती थंड वाऱ्याचा एक पट्टा गरगर फिरत असतो आणि तिथली थंडी तिथेच कोंडून धरतो. ध्रुवावरचं बर्फ वितळलं तसा तो पट्टा सैल पडला, कमरेचा करगोटा सैल पडावा तसा, आणि थंडी कुठेही ओघळायला लागली. एकीकडे उन्हाळे भाजून काढणारे, आणि दुसरीकडे पौष लागला की सह्याद्रीच्या माथ्यावर चार-सहा दिवस पारा शून्याच्या खाली. कासारपठारावर मागच्या तीन हिवाळ्यांत उणे पाच, उणे चार, उणे सहा झालं होतं. थंडीत गोल्फ खेळायला बाहेरून माणसं यायला लागली आणि नेमकी तेव्हाच क्लबची हिरवळ मरायला लागली.

गोल्फमध्ये चेंडू ज्या खळग्यात पडायचा, त्याभोवतीचं गुळगुळीत कापलेलं वर्तुळ म्हणजे ग्रीन. अशी अठरा ग्रीन असतात आणि जगभर उष्ण मुलखात त्यांच्यावर लावतात ती आपली हरळी. हो, तीच. शेतकरी जिच्या नावाने बोटं मोडतो आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, ती. तिच्या परदेशी संकरित जाती बारीक आणि दाट असतात, पण हरळी मुळात उन्हाची लेक. थंडी पडली की पानं पिवळी पडतात आणि सगळा जीव खाली जातो, जमिनीलगतच्या कांड्यांत. तिथे ती साखर साठवते. पेशींत साखर विरघळलेली असली की पाणी लवकर गोठत नाही, आणि पेशींची आवरणं लवचिक राहिली की फाटत नाहीत. हे ज्या जातीला जमतं ती चैत्रात परत फुटते. बाकीच्या जातींचं तपकिरी जाजम होतं.

कुठल्या जातीला हे जमतं, ते ओळखायला पूर्वी चार-पाच हिवाळे थांबावं लागे. मग आलं पारख यंत्र. पानाचा नमुना द्यायचा. यंत्र त्यावर प्रकाश टाकून साखर मोजतं, आवरणातले स्निग्ध पदार्थ मोजतं, जनुकं वाचतं, आणि तीन मिनिटांत सांगतं की किती तापमानाला या जातीची निम्मी रोपं मरतील. बायका त्याला जोशीबुवा म्हणत. हे यंत्र पठारावर आणणारा माणूस धनंजय. आणि यंत्राला हसलेलं त्याला खपत नसे.

बारा वाफ्यांतल्या अकरा जाती बाहेरच्या होत्या. सातवा वाफा मात्र घरचा. पठाराच्या पोटाशी एक खोलगट जागा आहे, तिथे दगडी पायऱ्यांचं टाकं आणि टाक्याच्या काठी गणपती. पुजारीपण गुरवांकडे. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतरून खोलगटात साठते. म्हणून पठारावर सगळ्यात आधी दहिवर गोठतं ते टाक्यावर. आणि तिथली हरळी गुरवांच्या बायका तीनेकशे वर्षं रोज खुडत आल्या. उंच वाढलेली काडी आधी खुडली जाते, बुटकी मागे राहते, वाढते, पसरते. असं होता होता टाक्याची हरळी आपोआप बुटकी, दाट आणि थंडीला निर्ढावलेली झाली. हे वैजूआक्काचं म्हणणं नाही हं. हे धनंजयनेच कॉलेजात असताना मोठ्या कौतुकाने लिहून काढलं होतं. तीन वर्षांपूर्वी टाक्यावरचे गड्डे आणून सातवा वाफा लावला तोही त्यानेच.

बाहेरच्या जातींतलं एच-चाळीस हे एका कंपनीचं परदेशी वाण मागच्या उन्हाळ्यात नऊ ग्रीनवर लावून झालं होतं. उरलेल्या नऊंवर कुठलं गवत, ते ठरायचं होतं, आणि आज ते ठरलं. पण कंपनीची एक अट होती. दुसरी कुठलीही हरळी मिसळून ग्रीन बिघडू नये म्हणून क्लबच्या हद्दीत तिचा मागमूस राहता कामा नये. देऊळ गावाचं, पण टाक्याभोवतीची जमीन क्लबच्या भाडेपट्ट्यातली. तणनाशक पानांतून मुळापर्यंत उतरायला गवत हिरवं असावं लागतं, म्हणून थंडी पडायच्या आत, येत्या सोमवारीच फवारणी. आधी सातवा वाफा, मग टाकं.

म्हणून वैजूआक्का खुरपं घेऊन दारात उभी होती.

बैठक संपल्यावर तिने धनंजयला वाफ्यावर गाठलं. "धन्या, तुला लाज नाही वाटली? मागच्या पौषात उणे सहा झालं तेव्हा हा वाफा मेला होता का? सांग ना!"

"आक्का, वाफा भिंतीच्या आडोशाला आहे. एका वाफ्यावरून काही सिद्ध होत नाही. तुझी आठवण म्हणजे पुरावा नव्हे."

"आणि त्या डबड्याची चिठ्ठी म्हणजे पुरावा?"

"हो!" तो एकदम चिडला. "हो, तोच पुरावा! तुझ्या माझ्या मायेला बाजूला ठेवून जे खरं आहे ते सांगतं म्हणून. मला काय आनंद झालाय का? टाक्यावर फवारा मारायच्या कागदावर सही मी केलीय, माहितीये ना तुला?"

वैजूआक्काला ते माहीत नव्हतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. टाक्यावर दूर्वा खुडताना तिने त्याला शेजारी बसवून पाढे म्हणून घेतले होते. स्वतःची शाळा तिने नववीत सोडली ती याच्यासाठी. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि आत्ताही दाखवलं नाही.

"माझ्यासमोर मोज," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांसमोर. एकदाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं यंत्राच्या खोलीत गेली. छबूबाई, तिच्या हाताखालची सगळ्यात जुनी बाई, सातव्या वाफ्याचा ताजा नमुना घेऊन आली. यंत्र घूं घूं करून गप्प झालं. उणे दोन.

"झालं समाधान?" धनंजय म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता.

शेजारच्या ताटलीत एच-चाळीसचा नमुना पडला होता, तिकडे वैजूआक्का बघत होती. कंपनीच्या माणसाने पोकळ नळी जमिनीत दाबून काढलेला गोल गड्डा होता तो. त्यात माती, मुळं, जाड कांड्या, जुनी काळपट पानं, सगळं. आणि छबूबाईच्या ताटलीत काय? एकवीस काड्यांची नेटकी जुडी. प्रत्येक काडीला तीन पानं. कोवळी, पोपटी, नखाने वरच्या वर खुडलेली. आणि वर दोरा बांधलेला.

वैजूआक्काने ती जुडी उचलून दिव्याखाली धरली.

"धन्या, यंत्रात जी साखर मोजतात, ती गवतात कुठे असते?"

"सांगितलं ना तुला. खाली. कांड्यात, जुन्या पानांच्या बुडाशी. शेंड्याला कुठली असणार, शेंडा तर परवा फुटलेला..." तो बोलता बोलता थांबला. त्यानेही जुडीकडे पाहिलं.

"तुमच्या कागदावर लिहिलंय, ताजं निरोगी पान द्यावं," ती म्हणाली. "आम्हा बायकांना हरळीचं ताजं पान म्हटलं की एकच माहीत. गणपतीला वाहतो ते. जुनं पान, मातीचं कांडं हात लावायचं नाही, असं आजीने शिकवलं, मी या चौदाजणींना शिकवलं. माझं डोकं कुठे गेलं होतं! दोन वर्षं मीच माझ्या गवताचा गळा कापत आलेय रे."

छबूबाई घाबरून म्हणाली, "आक्का, म्या तर नीट निवडून आणलं व्हतं."

"तुझी चूक नाही गं बाई. माझी आहे. पक्की माझीच."

धनंजय एव्हाना नळी घेऊन वाफ्याकडे पळाला होता. त्याने स्वतः गड्डा काढला, स्वतः यंत्रात ठेवला. ती तीन मिनिटं तिघांनाही जड गेली. आकडा आला, उणे साडेआठ.

"सोमवार रद्द!" वैजूआक्काने टाळी वाजवली. "चल बर्गेंकडे. आणि लाजू नकोस, चूक कुणाची ते माझ्या नावानिशी लिही."

बर्गे साहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त सही केलेल्या कागदापुढे त्याचं काही चालत नसे. "चूक कबूल केलीत, मोठं मन आहे तुमचं. पण आक्का, साडेआठ म्हणजे नऊ नव्हे. कंपनीचं गवत अजूनही सरसच आहे ना?"

"साहेब, यंत्र सांगतं की गवत किती थंडी सोसेल. पण आपल्याकडे थंडी कशी पडते? पहाटे उणे सहा, आणि दुपारी अंगातला स्वेटर काढावा लागतो. चार दिवस ऊन पडलं की परदेशी गवताला वाटतं उन्हाळा आला. ते साखर खर्चून उठतं. आणि मग दुसरी लाट आली की उघडं पडून मरतं. आमची हरळी उठायला आळशी. चैत्राची माती तापल्याशिवाय ती डोळा उघडत नाही. हे तुमच्या यंत्राला विचारलंय का कुणी?"

बर्गेंनी धनंजयकडे पाहिलं.

"तो रकाना यंत्रात नाही," धनंजय हळूच म्हणाला.

"मग जो रकाना नाही त्यावर मी करार मोडू शकत नाही," बर्गे म्हणाले. "सोमवार कायम."

बाहेर आल्यावर वैजूआक्का भावाला म्हणाली, "तू सही मागे घे."

धनंजय बूट बघत उभा राहिला. "अर्ध्या अंशाने का होईना, नऊ मोठं आहे, आक्का. मीच आकड्यावर विश्वास ठेवा म्हणून सांगत आलो आणि आज माझ्या बहिणीसाठी मागे घेऊ?"

"बरं," ती म्हणाली. "तू तुझ्या आकड्याशी इमान राख. मी माझ्या गवताशी राखते."

रविवारी मार्गशीर्षातली विनायकी होती आणि विनायकीला टाक्यावर वर्षाची जत्रा. खालच्या पाच गावांची माणसं नारळ घेऊन येतात आणि जाताना देवापुढची दूर्वांची एक जुडी घेऊन जातात. घरी नेऊन तुळशीत ठेवतात, सुकते, संपते. कितीतरी वर्षं असंच चालत आलं होतं.

शनिवारी सकाळीच वैजूआक्काने चौदाजणींना टाक्याच्या पायरीवर बसवलं. "आज शेंडा खुडायचा नाही," ती म्हणाली. "मुळासकट उपटायचं. माती झटकायची नाही. ओल्या फडक्यात बांधायचं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. छबूबाई म्हणाली, "आक्का, मुळासकट दूर्वा देवाला चालत न्हाई. पाप लागंल."

"लागू दे. माझ्या एकटीच्या नावावर लाव." तिने पहिला हात घातला. टाक्याची माती घट्ट होती, कांड्या मनगटाला टोचत होत्या, आणि आजीने एकेका काडीसाठी बोटावर मारलेल्या चापट्या तिला आठवत होत्या. डोळे भरून आले, पण हात थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत टाक्याचा काठ आणि सातवा वाफा दोन्ही उकरून झाले.

रविवारी माणसांची रांग लागली. प्रत्येकाच्या ओंजळीत तिने एक ओली जड जुडी ठेवली. "तुळशीत ठेवायची नाही. दारात लावायची. आंब्याखाली, मोरीच्या पाण्यावर, कुठेही. आणि शेजाऱ्याने मागितली तर द्यायची." शेतकरी हसायला लागले. हरळी उपटता उपटता आमची हयात गेली आणि तुम्ही लावायला सांगता, आक्का? एकाने तर हात जोडले. ती म्हणाली, "तेच सांगते! जी तुमच्या बापजाद्यांच्या हातून मेली नाही तिला हे लोक एका सोमवारात मारणार म्हणतात. बघूया." पाचही गावांत मिळून चारशेवर दारांत ती गेली.

सोमवारी सकाळी धनंजय पाठीवर पंप लावून टाक्यावर आला. त्याला वाटलं असेल, बहीण आडवी पडेल. ती पायरीवर निवांत बसली होती. काठावर उरलीसुरली हरळी होती, तुटक्या कांड्यांची. त्याने फवारा मारला. दगडाच्या फटीफटीतून मारला. त्याचं काम झाल्यावर ती उठली आणि ओल्या फडक्यातली एक जुडी त्याच्यापुढे धरली. "ही तुझ्या दारात लाव."

"क्लबच्या हद्दीत राहतो मी, आक्का."

"मला माहितीये."

त्याने हात पुढे केला नाही. तिने जुडी पंपाच्या टाकीवर ठेवली आणि ती देवळात निघून गेली. महिनाअखेरीस क्लबने तिची मुकादमी काढून घेतली. चौदाजणींपैकी नऊजणी तिच्यामागोमाग आपणहून निघाल्या.

पौषात थंडी पडली ती कडाक्याची. उणे सात. त्यानंतर आठ दिवस स्वच्छ ऊन, दुपारी पंचवीस. क्लबच्या नऊ ग्रीनवर पोपटी कोंब दिसले आणि कमिटीने त्याचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. मग माघाच्या सुरुवातीला दुसरी लाट आली. तीही उणे सहाच, म्हणजे यंत्राच्या नऊपेक्षा पुष्कळ वर. पण कोंब फुटलेल्या गवताची साखर तोवर उडून गेली होती. एका पहाटेत बहुतेक सगळं संपलं.

गावांतल्या दारांतली हरळी त्या वेळी वाळक्या सुतळीसारखी पडली होती. लोक येऊन विचारायचे, "आक्का, मेली का हो?" ती म्हणायची, "झोपलीय." रोज म्हणायची, पण पहाटे उठून स्वतःच्या अंगणातली कांडी नखाने टोकरून बघायची. आत ओल लागली की जीव भांड्यात पडायचा. धनंजय चार महिन्यांत एकदाही घरी आला नव्हता. त्याचंही तिला तितकंच लागलं होतं.

चैत्र लागून पाच-सहा दिवस झाले असतील. दुपारी फाटक वाजलं. धनंजय उभा होता. दाढी वाढलेली, आणि दोन्ही हातांत रंगाची जुनी बादली. बादलीत काठोकाठ हरळी, हिरवीकंच, कडेवरून खाली लोंबणारी.

वैजूआक्काने बादली पाहिली, मग त्याला पाहिलं. "क्लबच्या हद्दीत?"

"खिडकीत," तो म्हणाला. "उघड्यावर. दोन्ही लाटा तिने तिथेच काढल्या. मी रोज मोजत होतो. ऊन पडलं तेव्हा एच-चाळीस उठलं, ही हलली सुद्धा नाही." त्याचा आवाज फाटला. "नऊपैकी सात ग्रीन गेली, आक्का. यंत्राच्या कंपनीला मी लिहिलंय, की तुमच्यात एक रकाना कमी आहे. कमिटीला लिहिलंय, की सही माझी होती. आणि बर्गे साहेबांनी पाठवलंय मला तुझ्याकडे. त्यांना गवत हवंय. तू म्हणशील ती किंमत द्यायला तयार आहेत, पण हक्क फक्त क्लबचा राहील असं—"

"त्यांना जाऊन सांग," वैजूआक्का म्हणाली, आणि पलीकडच्या गल्लीतही ते ऐकू गेलं असणार, "हे गवत कुणा एकाचं होणार नाही. चारशे दारांत आहे, हवं त्याने मागून न्यावं, कागद करायचा नाही. आणि आधी टाकं भरायचं. दगडाची फट अन् फट. क्लबच्या माणसांनी यायचं, बर्गेंनीही यायचं, आणि गुडघ्यावर बसून लावायचं. ते झालं की मग त्यांचं ग्रीन. नाही पटलं तर वाळूत खेळा म्हणावं!"

"हे असंच सांगू?"

"असंच. शब्द बदललास तर मला कळेल."

धनंजय हसला. चार महिन्यांनी हसला असेल. मग त्याला राहवलं नाही. तो तिच्या पायांशी खाली बसला, तोंड लपवून लहान पोरासारखा रडला, आणि तिने पाठीवर हात ठेवून त्याला रडू दिलं. टाक्यावर फवारा मारणारा हाच होता. तिला ते विसरता येणार नव्हतं आणि तिने तसं त्याला सांगितलंही. पण पाठीवरचा हात तिने काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्यावर बर्गे साहेब आले, कमिटीतले तिघे आले. छबूबाईसकट नऊजणी आधीच पायरीवर होत्या. गावातून माणसं आपापल्या दारातले गड्डे घेऊन येत होती. बर्गे साहेबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खाली बसले, आणि पुढ्यात ठेवलेल्या गड्ड्यातून दोन बोटांनी एक कोवळी पोपटी काडी अलगद खुडली.

"शेंडा नको, साहेब," वैजूआक्काने त्यांच्या हातात खुरपं दिलं. "मुळासकट घ्या."